मिगचा सौदा : १९६२ साली काय मोजले आणि काय मोजायचे राहिले

पाकिस्तानच्या सरगोधा तळावर १९६१ साली अमेरिकी बनावटीची एफ-१०४ स्टारफायटर विमाने दाखल झाली. दोन आसनांची धरून सगळी मिळून बारा. पण ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे लढाऊ विमान उपखंडात तोवर कोणाकडेच नव्हते. भारतीय हवाई दलाकडचे त्या वेळचे सर्वांत चांगले विमान म्हणजे ब्रिटिश हंटर. ते चपळ होते, भक्कम होते, पण सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. नुसत्या बारा विमानांनी युद्ध जिंकता येत नाही, हे दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते. तरीही शेजाऱ्याचे विमान हद्दीत शिरून परत गेले आणि आपल्याला त्याच्या जवळपासही पोचता आले नाही, तर लोकांना काय सांगायचे, हा प्रश्न होताच.

या प्रश्नाला भारताने पुढच्या तीन वर्षांत जे उत्तर दिले, त्याचे नाव मिग-२१. हे विमान भारतीय आकाशात बासष्ट वर्षे उडाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याने निवृत्ती घेतली. एवढ्या काळात त्याच्याबद्दल दोन मते पक्की झाली. एक मत म्हणते, स्वस्तात मिळाले म्हणून घेतले आणि वैमानिकांचे जीव गमावले. दुसरे म्हणते, याच विमानाने देशाचे आकाश राखले. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण मुळात हा सौदा कसा ठरला, कोणत्या गोष्टी तराजूत घातल्या आणि कोणत्या तशाच राहून गेल्या, हे पाहिल्याशिवाय त्यांचा मेळ लागत नाही.

चलनाचा प्रश्न

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताजवळ एक गोष्ट भरपूर होती: ब्रिटनकडे थकलेले पौंड. दुसऱ्या महायुद्धात भारताने ब्रिटनसाठी जो माल आणि जी माणसे पुरवली, त्यापोटी ही शिल्लक जमा झाली होती. सुरुवातीच्या वर्षांत लढाऊ विमानांची खरेदी याच पैशाच्या आधाराने झाली. १९४८ मध्ये व्हॅम्पायर आले. १९५३ मध्ये फ्रान्सकडून उरागान आले, ज्यांना आपण तूफानी म्हटले. त्यानंतर मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा आले. नॅट हे छोटे विमान बंगळूरच्या कारखान्यात परवान्यावर बनू लागले. एकाच देशावर विसंबायचे नाही, हे धोरण त्यात स्पष्ट दिसते.

पाकिस्तानचे गणित वेगळे होते. १९५४ च्या करारानंतर अमेरिकी लष्करी मदतीतून त्याला सेबर विमाने मिळाली, बी-५७ बॉम्बफेकी विमाने मिळाली आणि शेवटी स्टारफायटर. ही मदत होती, खरेदी नव्हती. भारताला मात्र प्रत्येक विमान रोखीने घ्यावे लागत होते.

तोवर रोख आटली होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील पोलाद कारखाने, धरणे आणि यंत्रसामग्री यांनी पौंडाची शिल्लक झपाट्याने खाल्ली. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाचे संकट इतके वाढले की १९५८ साली भारताला मदत करणाऱ्या देशांचा गटच स्थापन करावा लागला. याच वर्षी अर्थमंत्री झालेल्या मोरारजी देसाई यांच्यापुढे प्रत्येक डॉलरचा हिशेब होता. त्यामुळे १९६१ मध्ये नव्या लढाऊ विमानाचा विषय निघाला, तेव्हा ‘किती किमतीचे’ याच्या आधी ‘कोणत्या चलनात’ हा प्रश्न उभा राहिला. पुढच्या सगळ्या निर्णयांमागे हा धागा आहे.

मारुतचे इंजिन

भारताजवळ आणखी एक वाट होती: आपले विमान आपणच बनवणे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये जर्मन अभियंता कुर्ट टांक १९५६ पासून एका लढाऊ विमानाची रचना करत होता. दुसऱ्या महायुद्धातील फोकेवुल्फ-१९० हे गाजलेले विमान त्याचेच. भारतात त्याने आखलेले एचएफ-२४ मारुत १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. आशियातल्या नवस्वतंत्र देशासाठी ही मोठी झेप होती.

मारुतचा सांगाडा ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्यासाठी बनवला होता, पण त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही. ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस इंजिनाची अधिक ताकदीची आवृत्ती त्यासाठी हवी होती. युरोपातली तिची गरज संपल्यावर, ती पूर्ण करायची असेल तर विकासाचा खर्च भारताने उचलावा, असे ब्रिटिश म्हणू लागले. सरकारने नकार दिला. परकीय चलनाच्या तंगीत हा नकार समजण्यासारखा होता. पण त्याची किंमत फार मोठी ठरली. मारुत कमी ताकदीच्या ऑर्फियसवरच उडत राहिले आणि ज्या वेगासाठी ते घडले होते तिथवर ते कधी पोचले नाही.

इंजिनाच्या या शोधातूनच दिल्लीची नजर मॉस्कोकडे वळली. सोव्हिएत इंजिन मारुतला बसवता येईल का, याची चाचपणी सुरू झाली. त्याच सुमारास भारताने सोव्हिएत एएन-१२ मालवाहू विमाने आणि एमआय-४ हेलिकॉप्टर घेतली होती. हिमालयातील चौक्यांना रसद पोचवायला ती उपयोगी पडत होती आणि महत्त्वाचे म्हणजे त्यांचे पैसे रुपयांत चुकते होत होते. इंजिनापासून सुरू झालेली बोलणी अशा रीतीने अख्ख्या विमानापर्यंत आली.

चार विमाने, चार अटी

१९६२ च्या पूर्वार्धात भारतापुढे साधारण चार पर्याय होते.

अमेरिकी स्टारफायटर हे शेजाऱ्याकडचेच विमान. पण अमेरिका पाकिस्तानला ते मदत म्हणून देत असली, तरी भारताला विकायला तयार नव्हती. ब्रिटनचे लाइटनिंग दोन इंजिनांचे, जबर वेगाने वर चढणारे विमान होते. मात्र त्याची देखभाल खर्चिक होती आणि किंमत पौंडांत द्यायची होती. फ्रान्सच्या मिराज-३ चीही चर्चा झाली. तिथेही प्रश्न दुर्मिळ चलनाचाच होता.

चौथे मिग-२१. त्याची रचना समजून घेतली की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही लक्षात येतात. इंजिनाला हवा पुरवणारे तोंड विमानाच्या अगदी नाकाशी होते आणि त्या तोंडाच्या मधोमध बसवलेल्या शंकूत रडार होते. या मांडणीने विमान सडपातळ आणि हलके झाले. एका इंजिनावर ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाई. पण शंकूत मावेल एवढेच रडार बसवता येणार. त्यामुळे त्याची नजर आखूडच राहिली. इंधनही कमी मावे, म्हणून ते फार वेळ हवेत राहू शकत नसे. जमिनीवरच्या रडारने दिशा दाखवायची, विमानाने झेपावून शत्रूला गाठायचे आणि परतायचे, या कामासाठी ते बनवले होते. त्या कामात ते जगातल्या कोणत्याही विमानाच्या तोडीचे होते.

मॉस्कोच्या अटी मात्र इतर कोणीही देऊ करत नव्हते अशा होत्या. पैसे रुपयांत, हप्त्यांनी आणि हलक्या व्याजाने. सोव्हिएत युनियन त्या रुपयांतून भारताचा चहा, ताग आणि इतर माल घेणार. शिवाय नुसती विमाने नाहीत, तर ती बनवण्याचा परवाना आणि कारखाने उभारण्यासाठी मदत. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचा सगळा भर या शेवटच्या मुद्द्यावर होता. विमान बाहेरून घेतले तर दर युद्धात दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, कारखाना आपला असला तर निदान पुरवठा आपल्या हातात राहतो, अशी त्यांची भूमिका होती.

लंडन आणि वॉशिंग्टनचा दबाव

सौद्याची कुणकुण लागताच पश्चिमेकडून हालचाली सुरू झाल्या. अलिप्त राष्ट्रांमधला सर्वांत मोठा देश सोव्हिएत लढाऊ विमाने घेणार, एवढेच नाही तर ती स्वतः बनवणार, ही गोष्ट शीतयुद्धाच्या ऐन भरात साधी नव्हती. ब्रिटनचे राष्ट्रकुल मंत्री डंकन सँडिस जूनमध्ये दिल्लीला येऊन गेले. लाइटनिंग सवलतीत द्यावे आणि खर्चाचा भार अमेरिकेने उचलावा, अशा तजविजी चालल्या. अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीत भारताच्या आर्थिक मदतीला चौथ्या हिश्श्याची कात्री लावण्याचा प्रस्ताव आला. अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत जॉन केनेथ गालब्रेथ यांनी दिल्लीतल्या मुक्कामाची रोजनिशी पुढे प्रसिद्ध केली. मिगच्या प्रकरणाने त्यांचा किती वेळ खाल्ला होता, हे तिच्यावरून कळते.

दबावाचा परिणाम उलटा झाला. आपण कोणते विमान घ्यावे यावर दुसऱ्या देशाला नकाराधिकार असू शकत नाही, अशी भूमिका नेहरूंनी संसदेत मांडली. ज्या सौद्याबद्दल मंत्रिमंडळातही शंका होत्या, तो आता सार्वभौमत्वाचा प्रश्न बनला. ऑगस्ट १९६२ मध्ये करार झाला: बारा विमाने थेट आणि पुढे परवान्यावर उत्पादन.

हिमालयातला हादरा

कराराची शाई वाळते न वाळते तोच २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. त्याच आठवड्यात क्युबाच्या प्रश्नावर अमेरिका आणि सोव्हिएत युनियन अणुयुद्धाच्या तोंडाशी उभे होते. अशा वेळी मॉस्कोला चीन दुखावायचा नव्हता. ‘प्रावदा’ या सोव्हिएत वृत्तपत्राने चीनच्या बाजूचा सूर लावला आणि मिगचा पुरवठा लांबणीवर पडला. एका पुरवठादारावर विसंबण्यात किती जोखीम आहे, याचा अनुभव भारताला पहिले मिग हाती पडण्याआधीच आला.

१९ नोव्हेंबरला, आसामचा मार्ग मोकळा झाल्यासारखा दिसत असताना, नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे लिहिली. त्यांत त्यांनी ध्वनीपेक्षा वेगवान लढाऊ विमानांची बारा पथके मागितली आणि ती चालवायला अमेरिकी वैमानिकच पाठवावेत, असेही सुचवले. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या पंतप्रधानांवर ही वेळ आली होती. दोनच दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि मागणी तिथेच राहिली. या संपूर्ण युद्धात भारताने आपल्या लढाऊ विमानांचा हल्ल्यासाठी वापर केलाच नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

मेनन पदावरून गेले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे मराठी माणसाच्या तोंडी बसलेले वाक्य त्या दिवसांचे. पुढच्या वर्षी नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मेनन यांनी ठरवलेला सौदा पुढे न्यायचा की मोडायचा, हे आता त्यांच्यासमोर होते.

चव्हाणांच्या दोन वाऱ्या

१९६३ च्या सुरुवातीला पहिले मिग आले. चंदीगडला विंग कमांडर दिलबाग सिंग यांच्या नेतृत्वाखाली हवाई दलाचे २८ वे पथक त्यांच्यावर उभे राहिले. हेच दिलबाग सिंग पुढे हवाई दलप्रमुख झाले. पण विमाने मोजकी होती आणि कारखान्यांचे काम संथ चालले होते. चीनच्या युद्धानंतर आखलेल्या पाच वर्षांच्या संरक्षण योजनेत हवाई दलाची ४५ पथके धरली होती. ती कशातून उभी करायची, हा खरा पेच होता.

चव्हाण मिगच्या प्रेमात नव्हते आणि अमेरिकेच्या विरोधातही नव्हते. त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी या वर्षांबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. त्यात चव्हाणांची पद्धत स्पष्ट दिसते: आधी सगळी दारे ठोठवायची आणि मग ठरवायचे. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले. मागणी स्टारफायटरची होती. संरक्षण सचिव रॉबर्ट मॅकनमारा यांनी ती मान्य केली नाही. अशी महागडी विमाने घेतल्याने भारताचे परकीय चलन वाया जाईल, असे अमेरिकी अधिकाऱ्यांचे मत होते. पाकिस्तानची प्रतिक्रियाही त्यांच्या डोळ्यांसमोर होती. २७ मे रोजी नेहरूंच्या निधनाची बातमी आली तेव्हा चव्हाण अमेरिकेतच होते. ते तातडीने परतले.

ऑगस्टच्या अखेरीस ते मॉस्कोला गेले. सप्टेंबर १९६४ मध्ये झालेल्या कराराने सोव्हिएत मदतीने मिगचे कारखाने उभारण्याचा मार्ग पक्का झाला. जे वॉशिंग्टनने नाकारले ते मॉस्कोने दिले आणि तेही रुपयांत. १९६२ मध्ये मिग हा अनेकांतला एक पर्याय होता. १९६४ च्या अखेरीस दुसरा कोणी देणाराच उरला नव्हता. खरेदीचा इतिहास सांगताना आपण विमानांची तुलना करतो, पण बऱ्याच वेळा निवड विक्रेत्यांच्या नकारातून होते.

ओझर

विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये मिगसाठी काढलेली कंपनी आणि बंगळूरची जुनी कंपनी एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, जन्माला आली. निफाड तालुक्यातल्या माळावर धावपट्टी झाली, वसाहत झाली. पंचक्रोशीतली माणसे आजही त्या ठिकाणाला ‘ओझर मिग’ म्हणतात.

परवान्यावर विमान बनवणे म्हणजे नेमके काय, हे ओझरच्या पहिल्या काही वर्षांत बघायला मिळते. सुरुवातीला सोव्हिएत युनियनमधून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे फक्त जुळणी व्हायची. पुढच्या टप्प्यात जोडभाग इथे तयार होऊ लागले. त्यानंतर छोटे भाग. सगळ्यात शेवटी धातूच्या पत्र्यापासून आणि ठोकळ्यापासून विमान बनवायचे. ड्रॉइंग रशियन भाषेत होती आणि हजारोंनी होती. ती समजून घ्यायची, त्यांचे इंग्रजी करायचे, त्यांतले मोजमाप चुकू द्यायचे नाही. पत्र्याला पत्रा जुळवून रिव्हेट मारताना केसभर फरक राहिला तरी ध्वनीच्या दुप्पट वेगात तो माफ होत नाही. सोव्हिएत तंत्रज्ञ शेजारी उभे राहून शिकवत आणि नाशिक, निफाड, सिन्नरकडची आयटीआय झालेली पोरे फिटर, टर्नर, शीट मेटल कामगार म्हणून त्यांच्याकडून शिकत. १९६६ मध्ये ओझरला जुळवलेले पहिले विमान बाहेर पडले. कच्च्या मालापासून बनवलेले पहिले मिग-२१ दलाला मिळायला १९७० उजाडले.

हे विमान थेट आणलेल्या विमानापेक्षा महाग पडत असे. परवान्याने केलेल्या उत्पादनात ते जवळपास अटळ असते: संख्या कमी, यंत्रे नवी, हात नवखे. पण खर्चाचा मोठा भाग देशातच राहत होता आणि एक कुशल पिढी घडत होती. पुढच्या दोन दशकांत ओझरहून मिग-२१ च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची सहाशेच्या आसपास विमाने बाहेर पडली. नंतर सुखोई-३० विमानेही इथेच बनली.

दोन युद्धांतली परीक्षा

१९६५ च्या युद्धात मिग-२१ जेमतेम एका पथकापुरते होते. ४ सप्टेंबरला विंग कमांडर वोलेन यांनी एका सेबरवर दोन क्षेपणास्त्रे सोडली. दोन्ही चुकली. दोन दिवसांनी पठाणकोटवरच्या पाकिस्तानी हल्ल्यात दोन मिग जमिनीवरच नष्ट झाली. क्षेपणास्त्रांच्या युगात तोफेची गरज नाही, असे मिगच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये गृहीत धरले होते. लढाईत ते खोटे ठरले. भारतीयांनी हा धडा घेतला आणि विमानाच्या पोटाखाली तोफेचा पेटारा बसवला.

याच युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. त्याची झळ पाकिस्तानला कितीतरी अधिक बसली, कारण त्याचे सारे हवाई दल अमेरिकी सुट्या भागांवर उभे होते. फुकट मिळालेल्या विमानांचे मोल त्या दिवशी कळले. मेनन आणि चव्हाण ज्या कारणासाठी कारखान्याचा आग्रह धरत होते, ते कारण आता कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

१९७१ पर्यंत चित्र पालटले होते. मिग-२१ आता अनेक पथकांत होते. ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर मिगनी पाचशे किलोचे बॉम्ब टाकून ती निकामी केली. शत्रूचे विमान रोखण्यासाठी बनलेले यंत्र भारतीय वैमानिकांनी बॉम्बफेकीसाठी राबवले. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करायचा आदेश ऐनवेळी आला. विंग कमांडर बिश्नोई यांच्या तुकडीजवळ लक्ष्य शोधायला शहराचा एक पर्यटक नकाशा होता. तो मांडीवर घेऊन ते गेले आणि रॉकेटनी इमारतीचा अचूक वेध घेतला. त्यानंतर पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरने राजीनामा दिला. त्याआधी, १२ डिसेंबरला, कच्छच्या आखातावर मिग-२१ ने एक स्टारफायटर पाडले होते. ज्या विमानाच्या धास्तीने मिगची खरेदी झाली, त्याच्याशी समोरासमोर गाठ पडली आणि मिग वरचढ ठरले.

राहिलेले रकाने

१९६२ च्या हिशेबात चलन मोजले होते, कर्जाच्या अटी मोजल्या होत्या, कारखान्याचा लाभ मोजला होता. दोन-तीन गोष्टी मात्र मोजल्या नव्हत्या.

पहिली, वैमानिकाची घडण. मिग-२१ धावपट्टीवर उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगात असे. कमी वेगाच्या प्रशिक्षण विमानावर शिकलेला तरुण एकदम या विमानात बसला की चुकीला जागाच उरत नसे. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत किंमत, पुरवठादार आणि चाचण्या यांवर चर्चा चालू राहिल्या. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेले आकडे असे: १९७१-७२ पासून मिग मालिकेतील विमानांचे ४८२ अपघात, त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत. सगळे अपघात प्रशिक्षणाच्या उणिवेने झाले नाहीत. यंत्रातले दोष होते, पक्ष्यांच्या धडका होत्या, विमानांचे वयही होते. पण जी बचत म्हणून लिहिली गेली तिचा मोठा वाटा वैमानिकांच्या घरांनी भरला, हे लिहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

दुसरी, रचनेचे ज्ञान. विमान कसे बनवायचे हे ओझर शिकले. विमान असेच का बनवायचे, पंखाचा कोन एवढाच का, इंजिनाची पाती याच मिश्रधातूची का, हे परवान्यात येत नाही. इंजिनाच्या प्रश्नावर अडलेले मारुत १४७ विमानांवर थांबले आणि टांकच्या हाताखाली तयार झालेल्या रचनाकारांना पुढचे काम मिळाले नाही. तेजसचे काम १९८० च्या दशकात सुरू झाले, तेव्हा बरेचसे पहिल्यापासून शिकावे लागले.

तिसरी, पुरवठादाराचे आयुष्य. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच उरले नाही. सुटे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले आणि हवाई दलाला ते शोधत फिरावे लागले. रुपयांत घेतलेल्या कर्जाचेही भांडण झाले. रुपया आणि रुबल यांचा दर कोणता धरायचा, यावर जानेवारी १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या दिल्ली भेटीत तडजोड झाली. स्वस्त चलनातले कर्जसुद्धा शेवटी कर्जच असते.

त्यानंतर

या अनुभवाचा धसका असा की पुढच्या मोठ्या खरेदीत सगळेच रकाने भरायचे ठरले. ऑगस्ट २००७ मध्ये १२६ विमानांसाठी निविदा निघाली. सहा विमाने स्पर्धेत होती. त्यांच्या चाचण्या लेहच्या उंचीवर, जैसलमेरच्या उन्हात आणि बंगळूरला झाल्या. खरेदीच्या किमतीबरोबर विमानाच्या पूर्ण आयुष्याचा खर्च मोजायची पद्धत आणली. जानेवारी २०१२ मध्ये राफेल सर्वांत कमी बोलीचे ठरले. पण ओझरसारखे उत्पादन इथे करायचे, तर एचएएलने बनवलेल्या विमानाची हमी कोण घेणार आणि कामाचे तास किती धरायचे, यावर बोलणी अडली. अखेर २३ सप्टेंबर २०१६ रोजी गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ३६ तयार राफेलचा, सुमारे ७८७ कोटी युरोंचा करार झाला. क्षमता मिळाली. संख्या मिळाली नाही, कारखानाही मिळाला नाही. २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ विमाने निवृत्त झाल्यावर हवाई दलाची लढाऊ पथके २९ वर आली. मंजूर संख्या आहे ४२.

१९६२ मध्ये सरकारने काही महिन्यांत निर्णय घेतला आणि काही रकाने कोरे ठेवले. २००७ नंतर सगळे रकाने भरता भरता नऊ वर्षे गेली. पहिल्या घाईची किंमत वैमानिकांनी मोजली. दुसऱ्या विलंबाची किंमत रिकाम्या पथकांच्या रूपाने आपण आज मोजत आहोत. विमान किती वेगाने जाते आणि कितीला पडते, हे दोन आकडे कोणीही शोधून काढतो. ते उडवणारा कसा शिकणार, तीस वर्षांनी त्याचा सुटा भाग कोण देणार आणि ते बनवताना आपले अभियंते काय शिकणार, या प्रश्नांची उत्तरे करारावर सही होण्याआधीच मागावी लागतात, कारण नंतर ती मागण्याची ताकद खरेदीदाराकडे राहत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या नव्या उत्पादन साखळीतून तेजस मार्क-१ए आकाशात गेले. ज्या माळावर रशियन ड्रॉइंग वाचून मिग जुळवले गेले, तिथे आता भारतीय रचनेचे विमान बनते आहे. पण त्याचे इंजिन अमेरिकी आहे आणि ते वेळेवर न आल्याने विमानांची वाट पाहावी लागली आहे. मारुतच्या वेळी जो खर्च आपण नाकारला, तोच प्रश्न साठ वर्षांनी पुन्हा समोर आहे: स्वतःचे इंजिन विकसित करण्यासाठी पैसा आणि धीर लावायचा की नाही. या वेळी उत्तर देताना फक्त या वर्षाचा अर्थसंकल्प पाहू नये. १९६१ साली तेच केले होते आणि त्याचे व्याज देश अजून भरतो आहे.